एकीला ठेच, सगळ्यांना कळ

शिवन्या भांडायची थांबली, तेव्हा घरात सगळ्यांना बरं वाटलं. मला सोडून.

नात माझी. बारावं लागलेलं. जिभेला धार अशी की तिच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, पूनमनं, एक म्हणावं आणि दोन पदरात पाडून घ्यावीत. भाकरी करपली तर, "आई, तव्यावर टाकली होतीस की चुलीत?" असं विचारणारी पोर. मी वरवर डोळे वटारायची आणि आतून फुलायची. ही जीभ माझ्याकडून गेलेली होती आणि तिला पुढं काम होतं.

काम काय ते सांगते. आमचं पिंपरखेल ओढ्याच्या अलीकडं, हिंगणमळा पलीकडं. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर उभ्या राहतात. मधे पाणी, दोन्हीकडं हलगी, आणि मग तोंड सोडायचं. मेलेलं माणूस आणि आजारपण सोडून काहीही काढायचं. वर्षभर पोटात साठलेलं सगळं. दुसरीचा शब्द उचलायचा नाही, आपलाच शब्द दोनदा वापरायचा नाही, आणि हलगीचा ठेका तुटायच्या आत उत्तर टाकायचं. जिला उत्तर सुचलं नाही तिनं पाणी ओलांडून जायचं आणि समोरचीची ओटी भरायची. ओढ्यावर बोललेलं ओढ्यातच राहतं, घरी आणायचं नाही. शिकलेली माणसं नाक मुरडतात. मुरडोत. या दोन गावांत बांधावरून कोयता कधी उठला नाही तो या भांडणामुळं. भांडणानं पाऊस पडतो असं मानणाऱ्याही आहेत, मी त्यातली नाही. पण पोटातलं पोटात राहिलं की आंबतं, एवढं कळायला शाळा लागत नाही.

पिंपरखेलकडून मी, गोजराबाई शेडगे. समोरून इंदुबाई साळुंखे. तिनं माझ्या चालण्यापासून माझ्या डाळिंबाच्या रोपवाटिकेपर्यंत सगळ्याचा उद्धार केलेला आहे आणि मी तिच्या सात पिढ्यांच्या कंजूसपणाचा. मला तिच्याइतकी ओळखणारी बाई माझ्या घरातही नाही. बाराव्या वर्षी पोरीनं पहिल्यांदा काठावर उतरायचं असतं. यंदा माझी शिवू उतरणार होती आणि तिची नात रिद्धी. दोघी एकाच वर्गात, कारण शाळा दोन्ही गावांची एक, पुलाजवळ.

पण शिवू जिभेनं जेवढी तिखट तेवढीच अक्षरापुढं गरीब. तिला अक्षरं मुंग्यांसारखी चालताना दिसायची. 'ब' आणि 'व' जागा बदलायचे, जोडाक्षर आलं की ते फुटून दोन्हीकडं पळायचं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी त्याला काहीतरी नाव सांगितलं. बुद्धी कमी नाही, म्हणाले, डोळ्यातनं अक्षर निघतं आणि आवाजापर्यंत पोचायची तिची वाट वळणाची आहे. वळणाची वाट वर्गाला कुठं कळते? ती उभी राहून वाचायला लागली की पोरं खाली माना घालून हसायची. एकदा ती रोपांच्या शेडमधे कोकोपीटच्या, नारळाच्या भुश्याच्या, पोत्यांमागं बसून राहिली आणि म्हणाली, उद्यापासून जाणार नाही. मला म्हणाली, तू पण तिसरीतच सोडलीस की, तुझं काय अडलं?

माझं काय अडलं ते मी तिला सांगितलं नाही. बँकेतला पोरगा माझ्याशी बोलताना आवाज चढवतो, बहिरी असल्यासारखा, ते सांगितलं नाही. "तू वाचणार," एवढंच म्हणाले. "न्हाई वाचलंस तर ओढ्यावर मी तुला माझ्या बाजूला उभी करायची न्हाई."

त्याच सुमारास, गेल्या वर्षीच्या जूनमधे, शाळेत वाचनमेळ आला.

नव्या भिंगारे सरांनी आणला. माणूस तरुण, सरळ, पोरांवर जीव असलेला, हे आधीच सांगते, कारण पुढं मी त्याला बरंच बोलणार आहे. प्रत्येक पोराला एक टॅब आणि कानामागं बसवायची एक मऊ पट्टी. मी शाळेच्या समितीवर. सगळ्यांनी माना हलवल्या, पण मी म्हटलं, हे काय करतं ते मला कळेल असं सांगा, त्याशिवाय माझी सही मिळायची नाही. सर वैतागले नाहीत. खडू घेऊन उभे राहिले.

माणसाच्या डोक्यात विजेच्या बारीक लाटा चालत असतात, म्हणाले. पाचजणांनी एकच गोष्ट मन लावून ऐकली की पाचांच्या लाटा एकदम चढतात आणि एकदम उतरतात. शास्त्रज्ञांनी हे मोजलं आहे. जितका हा मेळ जास्त, तितकी गोष्ट जास्त कळलेली असते. मग कुणाच्यातरी डोक्यात आलं, कळलं की मेळ बसतो, तर आधी मेळच बसवला तर? टॅबवरचा कॅमेरा पोराचे डोळे कुठं थांबतात ते बघतो, कानामागची पट्टी त्या लाटा ऐकते. आणि सगळ्यांच्या पुढ्यात एकच धडा असला तरी प्रत्येकाचं पान जरा वेगळं होतं. कुणाचा शब्द थोडा मोठा, कुणाची ओळ आखूड, कुणाच्या कानात पुढच्या अक्षराची कुजबुज, कुणासाठी शब्दावर केसभर उजेड. एवढं बारीक की पोराला कळतही नाही. असं करत करत सगळ्या वर्गाचे डोळे एका क्षणी एका शब्दावर येतात. पुढं पळणारा थांबतो, मागं राहणारा ओढला जातो. सरांच्या पडद्यावर प्रत्येक पोराचा एकेक धागा दिसतो. वाचन जमलं की धाग्यांना पीळ बसून एकच दोर होतो.

मी म्हटलं, म्हणजे मळणीची पात. एका दाव्याला सगळे बैल.

सर खूश झाले. अगदी बरोबर, म्हणाले.

"पण सर, खळ्यात तिवड्याजवळचा, मधल्या खांबाजवळचा, बैल हळू चालतो आन् कडेचा पळतो. तुमच्यात कडेच्याचं काय?"

त्याला शिस्त लागते, सर म्हणाले. सगळे हसले. मला शिवू दिसत होती, पोत्यामागं बसलेली. मी सही केली, चांगली मोठी, रेघेच्या बाहेर जाणारी.

आणि पोर वाचायला लागली. दिवाळीच्या आधी तिनं खताच्या पोत्यावरचं सगळं टॅबच्या पडद्यावर घेऊन वाचलं होतं. मग टॅबवर पेपर, मग धड्यामागून धडे. घरी टॅब आणायची परवानगी होती, पट्टी मात्र शाळेच्या कपाटात राहायची. पट्टीशिवायही टॅब तिला धरून न्यायचा. पूनम पदर डोळ्याला लावून ऐकत बसायची. मी पेढे वाटले आणि मुद्दाम पूल ओलांडून इंदुबाईच्या दारात नेऊन दिले. तिनं पेढा खाल्ला आणि म्हणाली, साखर कमी आहे. माझ्या आयुष्यातला तो फार चांगला दिवस.

मग थंडीत कधीतरी भाकरी करपली.

शिवूनं ताटात बघितलं. मी कान टवकारले. ती बोलली नाही. मान जराशी वर करून थांबली, दारातून कुणीतरी यायचं आहे आणि त्याच्याशिवाय सुरू करायचं नाही अशी. मग म्हणाली, "होतं असं कधी कधी. भूक असली की चालतं."

पूनमनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरगी शहाणी झाली, म्हणाली. मला मात्र काहीतरी खटकलं, आणि काय ते सांगता येईना. कुणाला सांगणार? नात गोड बोलते म्हणून तक्रार करणारी आजी म्हणजे वेडीच.

आठवड्यानं बाजारात इंदुबाई भेटली. मेथी निवडत होती.

"काय गं गोजरे, तोंड उतरलंय. सुनंनं जेवायला घातलं न्हाई का?"

"सकाळी सकाळी तुजं तोंड बगितलं, दुसरं काय हुणार."

नेहमीसारखं तिनं उलट टाकलं नाही. मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणाली, माझी रिद्धी बरी नाही गं. बरी म्हणजे ताप-बिप नाही. काल आमटी खारट झाली, तर उठून ताट आपटायची ती पोर, ती जरा वेळ गप राहिली आणि म्हणाली...

"होतं असं कधी कधी," मी म्हटलं. "भूक असली की चालतं."

बाजार चालू होता, कुणीतरी मधूनच गवार कशी दिली विचारत होतं, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या मेथीच्या ढिगाला धरून उभ्या.

आम्ही ठरवलं, एकच प्रश्न दोघींनी आपापल्या घरी विचारायचा. दोन्ही आज्यांत जास्त तिखट जीभ कुणाची? कुठल्याही नातीनं असल्या प्रश्नावर घर डोक्यावर घेतलं असतं. शिवूनं मान वर केली, थांबली, आणि म्हणाली, दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत. पलीकडं रिद्धी शब्दाला शब्द तेच म्हणाली. एवढा मोठा अपमान इंदुबाईनंसुद्धा माझा कधी केला नव्हता.

सरांना जाऊन विचारलं. घरून त्यांचं एकमेकींशी काही बोलणं होतं का? सर म्हणाले, छे. रात्री-बेरात्री कुणी कुणाशी जोडलेलं नसतं, भुताटकी नाही ही. रोज इतके तास एकाच शब्दावर एकदम थांबायचं, एकदम पुढं जायचं, एकाच ठिकाणी एकदम हसायचं, तर डोक्यातल्या वाटा सारख्या पडणारच. वाट सारखी असली की माणूस पोचतोही सारख्याच ठिकाणी. आणि ते सांगू लागले, वर्गात आता भांडण नाही, चिडवाचिडवी नाही, शिवन्याला कुणी हसत नाही. बाहेरून माणसं बघायला येतात.

"थांबतात का पण? बोलायच्या आधी?"

सरांनी चष्मा पुसला. मेळ लागायची वाट बघतात, म्हणाले. सवय आहे, जाईल.

बेंदूर आला. दुसऱ्या दिवशी ओढ्यावर ही गर्दी. दोन्ही हलग्या तापवून ताणलेल्या. मी हिरवं लुगडं नेसले होते. मी सुरुवात केली, इंदुबाईनं उत्तर दिलं, मी तिच्या घरच्या चहात बोट बुडवलं तर बोटाला रंग चढत नाही असं काहीतरी टाकलं, तिनं माझ्या रोपांना माझ्या बोलण्यानंच करपा पडतो म्हणून सांगितलं. लोक पोट धरून हसत होते. मग बायका मागं सरल्या आणि पोरी पुढं आल्या. आमच्या पाच, त्यांच्या चार. नव्या परकराच्या, केसांत शेवंती. शिवू मधोमध. मी तिच्या पाठीला हात लावला, पाठ थंड होती.

हलगी वाजली. पोरींनी माना वर केल्या. दोन्हीकडच्या.

"तुमच्या काठावर चिखल फार आणि माणसं थोडी," शिवू म्हणाली. त्याच क्षणी, त्याच आवाजात, पलीकडून रिद्धी म्हणाली. आणि बाकीच्या सातही.

लोकांना वाटलं, पोरींनी बसवून आणलं आहे. टाळ्या पडल्या. हलगीवाल्यानं ठेका दुप्पट केला. पोरी थांबल्या, आणि पुन्हा नऊ तोंडांतून एकच वाक्य निघालं. हसू कमी झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा एकीकडची हलगी थांबली, मग दुसरीकडची. पाणी तेवढं वाजत होतं.

माझ्या मागून कुणीतरी बाई ओरडली, अगं वेगळं काहीतरी म्हणा की, भांडा.

पोरींनी एकमेकींकडं बघितलंही नाही. नऊजणी म्हणाल्या, "भांडायला समोर कुणीतरी दुसरं लागतं."

त्यात राग नव्हता, मस्करी नव्हती. दोन आणि दोन चार म्हणावं तसं म्हणाल्या. बायकांनी लेकी ओढून काठावरून मागं नेल्या. मी पाण्यात उतरले, का ते मलाही ठाऊक नाही. तिकडून इंदुबाई उतरली. मधोमध, गुडघाभर पाण्यात, तिनं माझा दंड धरला.

"गोजरे," ती म्हणाली, "ह्या आपल्या न्हाईत."

समितीची बैठक मी बोलावली, पोरांच्या आईबापांसकट. मी म्हटलं, वाचनमेळ बंद करा. पहिलं उत्तर पूनमनं दिलं, माझ्या घरातनं. म्हणाली, "आत्या, तुमचं भांडण बुडालं म्हणून माझ्या लेकीचं वाचन बुडवू नका." सगळ्यांनी तिचीच री ओढली. कुणाचा पोरगा उलट बोलायचा थांबला होता, कुणाचा मारामारी करायचा. घरात शांतता आलेली कुणाला नको आहे? इंदुबाई आणि मी, दोघींचीच बोटं वर. दोन भांडखोर म्हाताऱ्या. मी उठले आणि म्हणाले, तुमची पोरं तुम्हाला लखलाभ, माझी उद्यापासून येणार नाही.

पूनम माझ्याशी बोलायची बंद झाली. शिवू मात्र ये म्हटलं की येत होती, बस म्हटलं की बसत होती. पहिले दिवस वाईट गेले. धड्याच्या वेळेला तिची मान आपोआप वर व्हायची आणि ती वाट बघत राहायची. टॅब मी सरांकडं परत दिला होता. कागदावरची अक्षरं परत मुंग्या झाली. आधी होत्या त्याहून जास्त, म्हणाली.

मी तिला रोपवाटिकेत नेऊ लागले. पिशव्या भरायच्या, कलमं बांधायची, गिऱ्हाइकाला भाव सांगायचा. मी तिला टोचून बघायची, चिमटे काढायची, हात गाढवाचे आहेत म्हणायची. थांबायची ती, पण थांबणं हळूहळू आखूड झालं. मग एक दिवस रोपांचा अख्खा ट्रे पडला आणि शिवू माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, मांजरानं पाडला. धडधडीत खोटं. वर म्हणाली, आणि तू मांजराला घाबरतेस म्हणून ते तुझ्यासमोर करत नाही. मी तिला गुळाचा खडा दिला.

नागपंचमीच्या सुमारास ती पुरती परत आली होती. पूनमला टोमणे, मला टोमणे, पोस्टमनलासुद्धा एक. वाचता मात्र एक ओळ येत नव्हती. मी मनाशी ठरवून टाकलं, न का येईना. जीभ आहे, हात आहेत, रोपवाटिका आहे. माझं कुठं काय अडलं?

एका सकाळी इंदुबाई रिद्धीला घेऊन आली. तिनंही पोरीला घरी बसवायचं ठरवलं होतं. रिद्धी वर्गातली पहिली, दुसरीत असताना लग्नाच्या पत्रिका वाचून दाखवायची. इंदुबाई म्हणाली, हिला काहीतरी वाचायला दे गं, घरात कागदाला हात लावत नाही. मी डाळिंबाच्या रोपाचं लेबल पुढं केलं. जात, कलमाची तारीख, पाणी किती द्यायचं, एवढंच लिहिलेलं.

रिद्धीनं लेबल धरलं आणि नुसती बघत बसली. मग सुरू केलं. 'ब'ला 'व' म्हणाली. जोडाक्षरापाशी आली आणि अडली, ओठ हलवत राहिली. लेबल जवळ घेतलं, लांब धरलं.

शिवू पिशव्या भरत होती. तिच्या हातातलं खुरपं थांबलं.

"तिथं मी अडते," ती म्हणाली. "तशीच. आजी, ती माझी जागा आहे."

रिद्धी म्हणाली, अक्षरं चालतात.

मी तशीच शाळेत गेले आणि सरांना दंडाला धरून रोपवाटिकेत आणलं. ते उलट्या क्रेटवर बसले, पाणी मागितलं, प्यायले नाहीत. त्यांना माहीत होतं. शिवू अडली की वाचनमेळ सगळ्यांना तिथंच थांबवायचा, कळू न देता, तिचे डोळे येईपर्यंत. असं रोज, वर्षभर. शेवटी सगळ्या डोक्यांनी धरून चाललं की या अक्षराशी अडायचंच असतं. एकाची ठेच सगळ्यांच्या पायाला. तशा प्रत्येकाच्याच थोड्या थोड्या ठेचा सगळ्यांत वाटल्या गेल्या होत्या, पण शिवूची मोठी होती. टॅबवर काही जाणवत नाही, कारण तिथं टॅब हात धरतो. कागद दिला की अख्खा वर्ग आंधळा.

मी विचारलं, हे कळल्यावर काय केलंत?

कागद बंद केला, सर म्हणाले. आणि वर कळवलं. वरून उत्तर आलं की कागद लागतोच कशाला.

मी त्यांना जे बोलले ते ओढ्यावरसुद्धा चाललं नसतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, आजी, अजून एक आहे. शिवन्या नाही म्हणून वर्गाचं टॅबवरचं वाचनही अडतं. मेळ तिच्यासाठी जागा धरून ठेवतो. तिच्या शब्दापाशी सगळी पोरं थांबतात आणि पुढं जात नाहीत. डोळे उघडे, मान वर. काल मला एकेकाला हलवून जागं करावं लागलं. तिचं नाव काढून टाकायचं मी बघितलं, ते होत नाही, तिच्या पायावरच सगळी इमारत उभी आहे. बंद केलं तर वाचणारं एकही पोर उरत नाही. चालू ठेवलं तर...

इंदुबाईनं रिद्धीला पदराखाली घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवूनं शाळेचा गणवेश चढवला आणि मी शेडमधे कलमं बांधत होते तिथं येऊन उभी राहिली. मी बघितलं आणि म्हटलं, काढ ते.

मग जे झालं तसं भांडण माझ्याशी कुणी केलेलं नाही. मी धमकी दिली, तिनं ती झेलून परत टाकली. मी म्हटलं, तुझ्यावर हसणाऱ्या पोरांचा तुला पुळका आला. ती म्हणाली, हसत होती तेव्हा निदान त्यांना वाचता तरी येत होतं. मी म्हटलं, यात तुझा काही दोष नाही. ती म्हणाली, दोष नाही, पण ठेच माझीच आहे ना, दुसऱ्याच्या पायात ठेवून मी इथं गूळ खात बसू? मी म्हटलं, तू गेल्यानं ती बरी होणार नाहीत. म्हणाली, बरी होणार नाहीत, पण पुढं तर सरकतील, डोळे उघडे ठेवून बसलेली आहेत ती माझ्यासाठी. एकही शब्द तिनं दोनदा वापरला नाही. एकदाही मान वर करून थांबली नाही. सगळं तिचं, नव्या कोऱ्या धारेचं. मला अभिमान वाटत होता आणि पोर हातातून चालली आहे हेही कळत होतं, दोन्ही एकदम.

शेवटी मी माझ्याजवळचं सगळ्यात मोठं काढलं. "तिथं गेलीस तर तू तू राहायची न्हाईस."

"इथं राहिले तर राहीन," ती म्हणाली. "पण मग ती शिवन्या कसली असंल, ते तू सांग."

मी तोंड उघडलं. कलमाची सुतळी हातात तशीच होती. बाहेर कुणाची तरी गाडी येऊन थांबली, गिऱ्हाइकानं हाक मारली, आणि मला उत्तर सुचलं नाही.

तिला मी स्वतः पोचवलं. वाटेत ती बोलत होती सारखी, पूनमच्या भाकरीवर, सरांच्या चष्म्यावर, माझ्या चालीवर. पुलावर इंदुबाई रिद्धीला घेऊन उभी होती. रिद्धी घरी राहायला तयार नव्हती, पहाटेपासून उंबऱ्यात उभी होती म्हणे. आम्ही चौघी न बोलता उतरलो, म्हणजे तिघी. शिवूचं तोंड चालूच होतं.

वर्गाच्या दारात सगळी पोरं रांगेनं उभी होती. कुणी ढकलत नव्हतं, कुणी खिडकीत चढलेलं नव्हतं. रिद्धी आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. रांगेत मधे एका पोराएवढी जागा मोकळी होती. सरांनी कपाटातून पट्टी आणली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं.

शिवू जाताना मागं वळून म्हणाली, "आजी, संध्याकाळी मला बोलायला लाव. लगेच गप बसू नकोस."

मग ती मोकळ्या जागेत उभी राहिली आणि पट्टी कानामागं बसवली. क्षणभर काही झालं नाही. मग सगळ्या पोरांनी एकदम श्वास सोडला. तिनंही.

रांगेबरोबर ती आत गेली. दार लागलं. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या राहिलो. आतून वाचनाचा आवाज यायला लागला, स्वच्छ, कुठंही न अडणारा, एकच आवाज. लग्नाच्या मांडवात शंभर पोरं रडत असली तरी माझं कुठलं ते मी आजवर डोळे झाकून ओळखलं आहे.

"ह्यातली तुजी कुठली गं?" इंदुबाईनं विचारलं.

मी भिंतीला कान लावला आणि ऐकत राहिले.